मैदानाला पत्रे ठोकले

सकाळी सातला बॅट घेऊन गेलेला माझा मुलगा सव्वासातला परत. "बाबा, ग्राउंडला पत्रे लावलेत." चपला अडकवून तसाच खाली गेलो. चारही बाजूंनी निळे पत्रे, माझ्या दुप्पट उंचीचे. गेटला साखळी, साखळीला कुलूप, शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत वॉचमन. रात्रीतून ठोकले! फटीला डोळा लावून बघितलं तर पिचच्या मधोमध जेसीबी उभा. ते पिच पोरांनी मे महिन्यात स्वतः तयार केलं होतं. रोलर कुठून आणणार, म्हणून पाण्याने भरलेला ड्रम आठ दिवस लोळवत होती. त्याच्यावर चाकांचे वीतभर खोल चर पडले होते. मुलगा शेजारीच उभा होता, एक शब्द बोलला नाही.

वॉचमन म्हणाला, "मला रात्री आणून बसवलंय साहेब, मला काय माहिती." त्या बिचाऱ्याला काय माहिती असणार.

ऑफिसात हाफ डे टाकून वॉर्ड ऑफिस गाठलं. टेबलावरच्या बाईंनी फाइल काढायचे कष्टही घेतले नाहीत. "खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठलंय हो त्या जागेवरचं. सूचना-हरकती मागवल्या होत्या, पेपरात नोटीस होती. तुम्ही दिली होती का हरकत?"

मी दिली होती का हरकत! अरे, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक, असं मुंगीच्या अक्षरात टेंडरांच्या गर्दीत छापायचं आणि लोकांनी महिन्याभरात हरकत घ्यायची? आमच्यातल्या कुणाला माहितीये आपल्या मैदानाचा सर्व्हे नंबर? पाणी येणार नाही हे सांगायला रिक्षेवर भोंगा लावून गल्लीगल्लीत फिरता. साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स एक खांब न सोडता लावता, सिग्नल झाकून लावता. मग मैदान जाणार आहे हे सांगणारा एक साधा कागद मैदानाच्या गेटवर चिकटवता आला नाही? चिकटवायचाच नव्हता. चिकटवला असता तर दोनशे हरकती आल्या असत्या.

ठराव कधीचा, विचारलं. प्रशासकाच्या काळातला. २०२२ साली नगरसेवकांची मुदत संपली आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं सभागृहात "हे मैदान कुणाला देताय" असं विचारायलाही कुणी नव्हतं. आता निवडून आलेल्या नगरसेवकांना फोन केला तर, "दादा, माझ्या आधीचं मॅटर आहे, बघतो." याच मैदानावर त्यांची प्रचाराची सभा झाली होती. क्रीडांगण करून देतो म्हणाले होते, माइकवर, माझ्यासमोर.

आणि आमच्या सोसायटीला तर मी काय बोलू! डिसेंबरमध्ये, प्रचाराच्या वेळी, याच उमेदवाराकडून गेटपासून जिन्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घालून घेतले. मीटिंगमध्ये मी एकटा उठलो, नको म्हणालो. सेक्रेटरी म्हणाले, "फुकट मिळतंय तर घ्या की राव." काय फुकट? कुणाच्या खिशातून आले ते ब्लॉक? विधानसभेला उमेदवाराने फार तर ४० लाख खर्च करायचे, लोकसभेला ९५ लाख, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. हा पैसा कुणीतरी देतं, आणि देणारा तो व्याजासकट वसूल करतो. आमच्याकडून आज वसूल झाला. पेव्हर ब्लॉकच्या बदल्यात मैदान गेलं.

बाई शेवटी म्हणाल्या, "सगळं नियमात बसतंय." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं, कारण आमच्या घरात ते आधी एकदा ऐकून झालंय. अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईच्या कापड गिरणीत साचेखात्यात, मागांवर होते. १९८२ च्या संपात घर बसलं, ते पुन्हा उभं राहिलं नाही. पुढे १९९१ साली नियम आला की गिरण्यांची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. अण्णा कागदावर चौकोन काढून दाखवायचे, इथे मैदान, इथे घरं. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, ज्या जमिनीवर शेड उभी होती ती हिशेबातून बाहेर. आता गिरणी म्हणजे शेडच की हो! हायकोर्टाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. कायदा कुणी मोडला नाही, कायदाच वळवून घेतला. जिथे अण्णांचा भोंगा व्हायचा तिथे आज टॉवर आहे आणि आम्ही इथे, लोकलच्या शेवटच्या टोकाला. हे घर घेताना अण्णांनी खिडकीतून हेच मैदान बघितलं होतं आणि म्हणाले होते, "पोराला खेळायला जागा आहे, घे."

वर दिल्लीतही तेच चाललेलं. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षांना देणगी द्यावी, असा कायदा होता. २०१७ च्या वित्त कायद्यात ती मर्यादाच काढून टाकली, शिवाय देणाऱ्याचं नाव झाकायला निवडणूक रोखे आणले, बँकेतून विकत घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे. १६ हजार कोटींच्या वर रोखे विकले गेले. सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ते घटनाबाह्य ठरवले, तेव्हा कुणी घेतले याची यादी द्यायला रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. लोकसभेचं मतदान आणि मोजणी सगळं उरकलं असतं तोवर. कोर्टाने झापलं म्हणून मार्चमध्ये नावं बाहेर आली. सहा वर्षं कोण कुणाला किती देतंय हे आपल्याला कळू दिलं नाही, आणि या काळात आपण मात्र पॅन, आधार, केवायसी घेऊन रांगेत उभे होतो.

संध्याकाळी पोरं पार्किंगमध्ये खेळत होती. दुसऱ्याच बॉलला कुणाच्या तरी गाडीचा आरसा फुटला. सेक्रेटरी खाली येऊन ओरडले आणि बॅट जप्त करून गेले. मी वर जाऊन बॅट परत आणली. काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण पेव्हर ब्लॉकचं सगळं बोललो.

मग बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आरक्षण कुणाच्या अर्जावरून उठवलं, ठरावावर सही कुणाची, नोटीस कुठल्या पेपरात कुठल्या तारखेला, सगळं मागितलंय. उत्तराला ३० दिवस. आत्ता रात्रीचे साडेअकरा झालेत आणि पत्र्यांच्या आत हॅलोजन लावून जेसीबी चालूच आहे.