‘लक्ष ठेवा’ म्हणजे नेमके कशावर?

गेल्या आठवड्यात आमच्या गाडीची वार्षिक तपासणी झाली. गाडी पास झाली, परंतु प्रमाणपत्रावर ‘पास’ या शब्दाखाली सात सूचना छापून आल्या, आणि पहिलीच सूचना वाचताच घरात दरवर्षीचा वाद सुरू झाला. नवऱ्याचे म्हणणे, ब्रेकचे काम लगेच करून घेऊ. माझे म्हणणे, ब्रेकला नेमके काय झाले आहे ते तरी आधी कळू दे. आम्ही गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये, लेस्टर शहरात राहतो, आणि हा वाद या अकरा वर्षांत एकदाही चुकलेला नाही. तो का होतो, हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

महाराष्ट्रातल्या मित्रमंडळींसाठी आधी थोडी माहिती देते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची ‘एमओटी’ करावी लागते. ही तीन अक्षरे ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’ची आहेत. त्या नावाचे खाते आता उरलेले नाही, तरी त्याची अक्षरे लोकांच्या तोंडी कायम राहिली. १२ सप्टेंबर १९६० रोजी ही तपासणी सुरू झाली, तेव्हा ती फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी होती आणि तीत ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच पाहिले जात असे. पुढच्याच वर्षी वयाची मर्यादा सात वर्षांवर आली आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर. आज टायरपासून सीट बेल्टपर्यंत आणि सायलेन्सरच्या धुरापासून तळाच्या गंजापर्यंत सगळे तपासले जाते. आपल्याकडे खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षे पीयूसीखेरीज कोणी फारसे विचारत नाही, त्यामुळे इथे आलेल्या मराठी माणसाला पहिली एमओटी म्हणजे दहावीची परीक्षा वाटते.

मे २०१८ पासून निकालाचे प्रकार असे आहेत: दोष ‘धोकादायक’ असेल तर गाडी नापास आणि दुरुस्त होईपर्यंत ती रस्त्यावर आणायची नाही, ‘मोठा’ असेल तरी नापास, ‘किरकोळ’ असेल तर पास, मात्र लवकर दुरुस्ती करायची. यांच्याही खाली ‘अ‍ॅडव्हायझरी’ असते, म्हणजे आज दोष नाही, पण पुढे होऊ शकेल अशी सूचना. तिच्या मथळ्याचा अर्थ साधारण असा: लक्ष ठेवा आणि गरज पडल्यास दुरुस्त करा. माझा सगळा आक्षेप या मथळ्याखाली जे छापले जाते त्याला आहे.

आमच्या प्रमाणपत्रावरची पहिली सूचना पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेक डिस्कविषयी, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेक दाबल्यावर पॅड जिला घट्ट पकडतात त्या धातूच्या चकतीविषयी होती आणि दुसरी, शब्दशः तीच, उजव्या चाकाच्या डिस्कविषयी. तिचा मराठीत अर्थ असा होतो: ‘डिस्क झिजलेली, खड्डे पडलेली किंवा ओरखडे उठलेली आहे, परंतु फारशी कमकुवत झालेली नाही.’ या देशात जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असेल. त्यातला ‘किंवा’ पाहा. झिजणे, खड्डे पडणे आणि ओरखडे उठणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणे वेगळी आणि त्यांची निकडही वेगळी. पण तिघांपैकी आमच्या डिस्कला कोणती लागू आहे, हे वाक्य सांगतच नाही. तपासनीसाला ते संगणकावरच्या तयार यादीतून मिळते, तो ते निवडतो, आणि डॉक्टरने ‘आपल्याला सर्दी, मलेरिया किंवा संधिवात आहे, पण काळजीचे कारण नाही’ असे लिहून द्यावे तसा कागद आपल्या हाती येतो.

त्याच दिवशी दुपारी गॅरेजमधून फोन आला. पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड मिळून २८० पौंड होतील, गाडी इथेच आहे तर उरकून टाकू का, असे त्या गृहस्थांनी अगदी सौजन्याने विचारले. डिस्कची जाडी किती भरली, असे मी विचारल्यावर पलीकडे काही क्षण शांतता पसरली. जाडी मोजलेली नव्हती. तपासणीच्या नियमांत चाक उघडणे बसतच नाही, जे नजरेला दिसेल त्यावरून मत द्यायचे असते, हे त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच होते. पण मग न मोजलेल्या वस्तूसाठी २८० पौंड कोणत्या आधारावर मागायचे, हा प्रश्न उरतोच.

शनिवारी मी गाडी आमच्या भागातल्या एका गुजराती मेकॅनिककडे नेली. त्यांना सगळे काकाच म्हणतात. काकांनी चाक उतरवले, डिस्कच्या काठाला झिजेमुळे वर राहिलेल्या गंजक्या कडेवरून बोट फिरवले आणि त्या कडेला न टेकता मोजमाप घेता यावे म्हणून मायक्रोमीटर आतल्या चकचकीत भागावर लावला. २०.३ मिलिमीटर. मग त्यांनी डिस्कच्या मधल्या भागावरचा गंज वायर ब्रशने घासून खाली कोरलेला आकडा मला वाचायला लावला: किमान जाडी १९. नवी असताना ही डिस्क २१ मिलिमीटरची असते. अकरा वर्षे जुनी माझी गाडी वर्षाला जेमतेम पाच हजार मैल फिरते, तेव्हा काकांच्या अंदाजाने त्या डिस्क आणखी दोन-तीन वर्षे सहज चालतील. चाक परत बसवताना ते एवढेच म्हणाले, “बेटा, पावसात उभी राहिलेली प्रत्येक गाडी सकाळी अशीच गंजलेली दिसते.” पैसे घ्यायला ते तयार नव्हते, तेव्हा नाइलाजाने मी वायपर बदलून घेतले.

राहिलेल्या सूचनांपैकी दोनांबद्दल थोडक्यात सांगते. एक होती: ‘गाडीच्या तळाला आच्छादन असल्यामुळे काही भाग दिसू शकले नाहीत.’ ते आच्छादन कारखान्यातूनच बसवून येते आणि तपासणीत ते काढायचे नसते. म्हणजे ही नोंद तपासनीसाला काय दिसले नाही याची आहे, आणि मी तिच्यावर कसे ‘लक्ष ठेवायचे’ ते मला आजतागायत उमगलेले नाही. दुसरी: ‘लहान मुलाची सीट बसवलेली असल्यामुळे मोठ्या माणसाचा बेल्ट पूर्ण तपासता आला नाही.’ आमची लेक सात वर्षांची आहे आणि तिची सीट गेली सहा वर्षे आमच्या गाडीच्या सरकारी इतिहासात नोंदलेली आहे. उरलेल्यांपैकी एकीत तेलाची गळती होती, पण ‘जास्त नाही’. दुसरीत मागच्या सस्पेन्शनचा बुश, म्हणजे सांध्यातला रबरी तुकडा, झिजला होता, पण ‘जास्त हालचाल होण्याइतका नाही’. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘प्रगती समाधानकारक, तरी अधिक प्रयत्न आवश्यक’ असा शेरा सरसकट सगळ्यांना मिळत असे, तो मारणाऱ्या बाई मला इथे हमखास आठवतात.

इथवर वाचून कोणी म्हणेल की सावधगिरीने काय बिघडते, जादा सूचना मिळाल्या तर मिळू देत. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. मागच्या वर्षीच्या प्रमाणपत्रावर आठ सूचना होत्या. त्यांत डिस्क होत्या, आच्छादन होते, सीट होती, आणि या सगळ्यांच्या मध्ये, त्याच ठशात, सहाव्या क्रमांकावर एक ओळ होती: पुढची डावी स्प्रिंग गंजलेली आहे. मी ती वाचली आणि बाकीच्या सातांबरोबर सोडून दिली. फेब्रुवारीत एका कडाक्याच्या सकाळी दाराशी उभ्या असलेल्या गाडीतून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला आणि गाडी एका कोपऱ्यावर बसली. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते वर्षानुवर्षे स्प्रिंग खात राहते, आणि थंडीत एक दिवस ती तुटते. लेकीला शाळेत सोडायला निघायला दहा मिनिटे होती. तीच स्प्रिंग मोटरवेवर तुटली असती आणि तिचे टोक टायरमध्ये घुसले असते, तर मी आज ही पोस्ट इतक्या निवांतपणे लिहीत बसले नसते.

म्हणजे तपासनीसाने मला सांगितले नव्हते असे मुळीच नाही. त्याने सांगितले होते, पण ज्या आवाजात लेकीच्या सीटबद्दल सांगितले त्याच आवाजात. आठ ओळींतली कोणती ओळ ऐकायची, हे मीच ओळखायचे होते, आणि ते ओळखण्याचे शिक्षण माझ्याकडे नव्हते. ते त्याच्याकडे होते. गाडी लिफ्टवर चढवून तिच्याखाली उभा राहणारा तो एकटाच माणूस असतो. मी रोज गाडी चालवते, पण तिचा तळ मी वर्षातून एकदाही पाहत नाही.

तपासनीस असे का लिहितात, याचाही मी विचार केला आहे, आणि सगळेच लुबाडायला बसले आहेत असे मला वाटत नाही. त्यांच्या डोक्यावर सरकारी वाहन-मानके यंत्रणा असते, ती अचानक येऊन नुकतीच तपासलेली गाडी पुन्हा तपासू शकते, आणि काही सुटले असेल तर परवान्यावर गदा येते. लिहून ठेवले असेल तर उद्या ‘आम्ही सांगितले होते’ म्हणता येते. दुसरे कारण पैशाचे आहे. मोटारीच्या एमओटीसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येतात, ही मर्यादा २०१० पासून तशीच आहे, आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठी अनेक गॅरेज त्याहून कितीतरी कमी पैशांत तपासणी करतात. जवळपास तासभर गाडीखाली उभे राहणाऱ्या कसबी माणसाचा पगार तेवढ्यात सुटत नाही, तो दुरुस्तीतून सुटतो. तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच असला की सूचना आणि जाहिरात यांच्यातली सीमारेषा पुसट होणारच. उत्तर आयर्लंडमध्ये ही तपासणी सरकारी केंद्रांत होते आणि तिथे दुरुस्ती करतच नाहीत. इंग्लंडमध्येही काही नगरपालिकांची तपासणी केंद्रे आहेत, जिथे टॅक्सींबरोबर आपलीही गाडी नेता येते आणि तिथून पुढे कोणी २८० पौंडांचा फोन करत नाही. अशा केंद्राबद्दल मला फार उशिरा कळले, याची खंत आहे.

या सूचनांचा आणखी एक परिणाम म्हणजे त्या गाडीला जन्मभर चिकटतात. २००५ पासूनच्या तपासण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो. गाडीचा नंबर टाकला की झाले. ही सोय उत्तमच आहे, आणि नव्याने इथे आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी जुनी गाडी घेण्याआधी ती वापरायला सांगते. पण नवखा माणूस सूचना मोजतो, वाचत नाही. नऊ सूचनांची गाडी वाईट आणि कोऱ्या कागदाची गाडी चांगली, असा त्याचा हिशेब असतो. प्रत्यक्षात कोरा कागद म्हणजे कधी खरोखर निर्दोष गाडी असते, तर कधी घाईत असलेला तपासनीस. आमच्या ओळखीच्या एका मुलाने याच हिशेबाने एक नीट राखलेली गाडी सोडली आणि कोऱ्या कागदाची घेतली. तिच्या क्लचने त्याला पहिल्याच महिन्यात हिशेब शिकवला. क्लच एमओटीत तपासतच नाहीत, हे त्याला त्या वेळी माहीत नव्हते.

माझे वडील सांगलीला असतात. एसटीच्या कार्यशाळेत बत्तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले. मी त्यांना फोनवर सगळ्या सूचना वाचून दाखवल्या, तेव्हा त्यांनी विचारले, “अगं, पण गाडी ओढते कुठे?” त्यांच्याकडे गाडी डेपोत परत आली की ड्रायव्हरने लॉगशीटवर तक्रार लिहायची पद्धत होती, आणि ती ‘डावीकडे ओढते’, ‘तिसऱ्या गिअरमधून सटकते’, ‘ब्रेक उशिरा लागतो’ अशी असायची. एक ड्रायव्हर म्हणे दर फेरीला दहा-दहा तक्रारी लिहीत असे. कार्यशाळेतल्या लोकांनी त्याचे कागद वाचायचेच सोडून दिले होते, आणि तो रजेवर गेला की बदली ड्रायव्हरच्या एका ओळीवरून त्याच गाडीचा खरा दोष सापडत असे.

मला एवढेच हवे आहे की सूचनेबरोबर आकडा असावा. ब्रेकची चाचणी रोलरवर होते, तेव्हा तपासनीसासमोर टक्केवारी येते. ती प्रमाणपत्रावर उतरत नाही. टायरची नक्षी मोजायला त्याच्या खिशात मापक असतो. गाडी किती मैल चालली याचा आकडा त्याच कागदावर ठळक छापता येतो, तर टायरचे मिलिमीटर छापायला कोणती अडचण आहे? जिथे मोजणे शक्य नाही, तिथे निदान मोबाइलवर काढलेला एक फोटो जोडावा. आणि जे दिसलेच नाही त्याची नोंद दोषांच्या यादीत नको, तिच्यासाठी वेगळा रकाना करावा.

हे अशक्य नाही, हे मी ठामपणे म्हणू शकते, कारण आमच्या यंदाच्या सात सूचनांतली सातवी अशीच निघाली. ती तयार यादीतली नव्हती, तपासनीसाने स्वतः टंकून लिहिली होती: मागचा डावा टायर, बाहेरच्या बाजूला ५ मिलिमीटर, आतल्या कडेला २, अलाइनमेंट (चाकांची सरळ जुळणी) पाहून घ्या. कायद्याला टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, त्यामुळे आतली कड गोटा होत चालली तरी गाडी पास होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला टायर नवाच वाटतो. रविवारी मी जुनी चटई अंथरून गाडीमागे आडवी झाले, नवऱ्याने विजेरी धरली, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे वीस पेन्सचे नाणे खाचेत घालून पाहिले. बाहेरच्या खाचेत नाण्याची कड पूर्ण बुडाली. आतल्या खाचेत ती किंचित वर डोकावत होती. काकांनी अलाइनमेंटसाठी गुरुवारी सकाळी नऊची वेळ दिली आहे.