खुलासा : मुखवटे ‘ऑनलाइन परत मिळाल्या’च्या संदेशाबाबत

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ भागांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरत आहे : कॅनडातील संग्रहालयांनी आदिवासींच्या वस्तू ऑनलाइन परत केल्या असून, आपणही बोहाड्याच्या (मुखवटे घालून सोंगे नाचवण्याच्या आदिवासी उत्सवाच्या) मुखवट्यांचे फोटो संकेतस्थळावर चढवले की त्यांवर आपला कायदेशीर हक्क नोंदला जातो. यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

कॅनडातील व्हँकुव्हरच्या मानववंशशास्त्र संग्रहालयाने मस्कीम व स्टो:लो या आदिवासी समाजांच्या संस्था आणि उमिस्ता ही सांस्कृतिक संस्था यांच्यासह उभारलेल्या ‘रेसिप्रोकल रिसर्च नेटवर्क’ या संकेतस्थळावर अनेक संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी एकत्र पाहता येतात आणि समाजातील जाणकारांना त्यांत माहितीची भर घालता येते, वस्तू मात्र त्या-त्या संग्रहालयातच राहतात. 1921 च्या पॉटलॅच समारंभानंतर (भेटवस्तू वाटण्याच्या, तेव्हा कायद्याने बंदी असलेल्या मेजवानीनंतर) सरकारजमा झालेले मुखवटे तेथील क्वाक्वाकावाक्व या आदिवासी लोकांकडे परतू लागले, ते दीर्घ पाठपुराव्याने आणि इंटरनेटच्या कितीतरी आधी. त्या मुखवट्यांसाठी कॅनडातील अलर्ट बे येथे 1980 मध्ये उमिस्ता केंद्र उघडले.

हक्काचे म्हणाल, तर आपल्याकडे छायाचित्राचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे ते काढणाऱ्याकडे असतो, मुखवटा नाचवणाऱ्या घराकडे नव्हे. म्हणूनच घाई नको. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगु या आदिवासी समाजासाठी तयार झालेल्या ‘मुकुर्तु’ या डिजिटल संग्रहाच्या प्रणालीत कोणते चित्र पुरुषांनी, कोणते स्त्रियांनी, कोणते केवळ कुटुंबीयांनी पाहावे, हे समाजच ठरवतो, आणि (संदेश लिहिणाऱ्याने नेमके हेच गाळले आहे) काही गोष्टी सर्वांसाठी खुल्या केल्याच जात नाहीत. तेव्हा एखाद्या घराण्याच्या सोंगाचा फोटो चढवण्यापूर्वी त्या घराला आणि गावाला विचारावे, तसेच गावाचे नाव व वापराच्या अटी फोटोसोबतच नोंदवाव्यात.