‘दर्जा नाही, तर पाहायचे कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोल्हापूरकराने परदेशी फुटबॉल क्लबांच्या आधी आपल्या पेठेच्या संघामागे उभे राहावे, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण कळवता : “काका, जुन्या आठवणी पुरे झाल्या. दर्जा नसलेला खेळ केवळ आपल्या गावचा म्हणून पाहणे हा भाबडेपणा आहे. मँचेस्टर युनायटेडवर प्रेम करणे म्हणजे कोल्हापूरशी गद्दारी नव्हे. ज्या मैदानात दगड येतात तिथे मी बहिणीला घेऊन जाऊ शकत नाही. आणि सामने कधी आहेत, हे तरी कुणाला वेळेवर कळते का?” प्रतिक्रियेबद्दल आभार.

आधी सुराबद्दल. आमच्याकडे ‘काका’ ही हाक आपुलकीने मारली जाते. आपण ती ज्या रीतीने मारलीत तीत आपुलकी मला तरी आढळली नाही. समोरच्याचे वय काढले की त्याच्या म्हणण्याचा विचार करावा लागत नाही, ही सोय आपल्या पिढीने शोधलेली दिसते. ‘गद्दारी’ हा शब्द तर माझ्या लेखात कुठेच नाही. तो आपणच माझ्या तोंडी घातलात, त्याचे खंडन आपणच केलेत आणि जिंकल्याचे समाधानही आपणच मानून घेतलेत. सामन्यांचे वेळापत्रक लोकांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे आणि ती मी विनातक्रार मान्य करतो.

आता दर्जाकडे वळतो. शिवाजी पेठेत लहानाचा मोठा झालेला, पेठेतल्या तालमीच्या दुय्यम फुटबॉल संघातून उजव्या बगलेवर खेळलेला आणि गुडघ्याने दगा दिल्यावर गॅलरीत जाऊन बसलेला माणूस आपल्याला हे सांगतो आहे, एवढे कृपया ध्यानात ठेवावे. आपल्या शाहू स्टेडियमवरचा खेळ मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरच्या खेळाच्या तोडीचा आहे असे मी कधीही म्हटलेले नाही. पासिंग चुकते, शेवटच्या वीस मिनिटांत दम तुटतो, मैदान कडक असते. हे मला आपल्याकडून शिकण्याची गरज नाही. माझा प्रश्न निराळा होता. दर्जा आधी यावा आणि प्रेक्षक मागाहून यावेत, असे जगात कुठे घडले आहे?

आपण ज्या शहराचा लाल शर्ट घालता, त्या शहरात मी नोकरीनिमित्त काही काळ राहिलो आहे, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. २००५ साली अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड कर्ज काढून ताब्यात घेतला आणि त्या कर्जाचा बोजा क्लबवरच टाकला. तेव्हा संतापलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. तो इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत पार खालून सुरू झाला, सभासदांच्या मालकीचा आहे आणि तिथे एका सभासदाला एकच मत असते. शहराच्या उत्तरेला मॉस्टनमध्ये त्याचे छोटे मैदान आहे. तिथे उभे राहून सामना पाहणाऱ्या माणसांना, बसने जाता येईल इतक्या अंतरावर ओल्ड ट्रॅफर्ड असताना, दर्जा कळत नव्हता असे आपले म्हणणे आहे काय?

आणखी एक गोष्ट सांगतो, जी रात्री जागून सामने पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करण्यास बंदी आहे. मोठ्या क्लबाचा सामना घरबसल्या दिसू लागला तर खालच्या श्रेणीतल्या गावोगावच्या मैदानांवर कोण जाणार, या भीतीतून ही बंदी आली आणि ती अनेक दशके टिकून आहे. म्हणजे दुपारी तीनचा जो सामना मँचेस्टरच्या रहिवाशाला आपल्या टीव्हीवर दिसत नाही, तो आपण कोल्हापुरात सोफ्यावर बसून, हिवाळ्यात रात्री साडेआठला, निवांत पाहता. त्यांच्या देशाने आपल्या लहान क्लबांसाठी जी काळजी घेतली ती आपण आपल्यासाठी घेऊ नये आणि वर भाबडे मात्र आम्ही ठरावे, हा न्याय मला समजलेला नाही.

आपल्या महाराष्ट्रातही पैसा आणि दर्जा दोन्ही असलेले क्लब होऊन गेले. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली कंपनीने संघच बंद केला. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स एकामागून एक मिटले. एफसी पुणे सिटीची इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली आणि हैदराबादचा संघही पुढे दिल्लीला हलवला गेला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब हे आपले कोल्हापूरचे संघ मात्र जिथे होते तिथेच आहेत. इथले सामने भरवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची आहे. मालक कंटाळला म्हणून पाटाकडीलचे बिऱ्हाड उद्या नागपूरला हलणार नाही, कारण तालमीला मालक नसतो, पेठ असते. पेठेतली पोरे गॅलरीत आली नाहीत तर मात्र तालीमही संपेल. आपण रात्री टीव्ही बंद केल्याने मँचेस्टरमध्ये कुणाचे काहीही अडणार नाही. आणि दर्जाच हवा असेल तर २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, हेही आठवून पाहावे. (आफ्रिकेतले खेळाडू आणून दर्जा वाढवण्याचा जो मार्ग आमच्या तालमींनी धरला, तो मला फारसा रुचत नाही, कारण त्यात घरचा मुलगा बाकावर बसतो; पण तो वेगळा विषय आहे.)

राहता राहिली दगडांची गोष्ट. हुल्लडबाजी कुठे होत नाही? तो पोलिसांचा आणि असोसिएशनचा विषय आहे आणि दोन्ही संबंधित आपापल्या परीने लक्ष घालतात. बहिणीला न्यावे की नाही हा आपल्या घरातला प्रश्न आहे, त्यात मी काय बोलणार?

युनायटेडचे सामने आपण खुशाल पाहावेत, मीही पाहतो. शाहू स्टेडियमवरचा दिवसातला दुसरा सामना सहसा चारच्या सुमारास सुरू होतो आणि अंधार पडण्याआधी संपतो, त्यामुळे वेळेची सबब तरी पुढे करू नये. यापुढे इथल्या दर्जाबद्दल लिहायचे झाल्यास आपण शेवटचा पाहिलेला सामना कोणत्या दोन संघांचा होता, ते आधी कळवावे. ते कळवले नाही, तर मी उत्तर देणार नाही.