वहीतलं ‘बाहेर’

“जुनं खरकटं उपसून तुला काय मिळणार?” चुलतभावाचा हा निरोप मंगळवारी सकाळी आला. मी हिरवी बिन रस्त्याच्या कडेला लावत होते, हातात मोजे होते, त्यामुळे लगेच उत्तर देता आलं नाही. त्याला आता आठवडा झाला. ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे आणि हा चुलतभाऊ, आमचा दादा, तिचा संपादक आहे. पणजोबांवर त्याने एक परिच्छेद लिहिलाय. राजापूरकडून ते पंढरपुरात आले, प्रदक्षिणा मार्गाजवळ खाणावळ काढली, माडीवर चार खोल्या उतारूंसाठी ठेवल्या, इथवर सगळं ठीक. पुढे त्याने म्हटलंय, “पंढरीस येणाऱ्या प्रत्येकाच्या मुखी घास घालणारे अन्नदाते.” मी कळवलं, दादा, ‘प्रत्येकाच्या’ हा शब्द काढ, पणजोबांच्या खाणावळीच्या वहीत वेगळं लिहिलंय. त्यावर खरकट्याचं वाक्य आलं आणि त्यामागोमाग दुसरं: “इंग्रजांच्या देशात राहिलं की आपल्याच माणसांना नावं ठेवायची खोड लागते.”

मी लीड्समध्ये राहते. नावं ठेवायची खोड मला इथे लागली नाही, कागद वाचायची लागली. आणि ती लावली शेजारणीने. तिचा खापरपणजोबा स्किप्टनकडे सराय चालवायचा. एका बँक हॉलिडेला तिने मला १८८१च्या जनगणनेचं पान दाखवलं. त्यात सरायवाल्याचं नाव, वय, बायको, पाच मुलं, दोन मोलकरणी आणि घोड्यांच्या तबेल्यातला चौदा वर्षांचा पोऱ्या, सगळ्यांची नावं आणि जन्मगावं होती. त्या पोऱ्याने बहुधा आयुष्यात कुठे सही केली नसेल, पण तो कागदावर आहे. पुढे आम्ही दोघी वेकफिल्डच्या दफ्तरखान्यात गेलो. इथे १५५२च्या कायद्यापासून दारूचा गुत्ता चालवायचा तर न्यायाधीशांपुढे जामीन द्यावा लागे. त्या जामिनाच्या नोंदी पेटीतून काढून, फोमच्या उशीवर ठेवून, पेन्सिल हातात देऊन ते लोक आपल्याला वाचायला देतात.

त्याच १८८१ साली आपल्याकडेही पहिली देशव्यापी एकसमयी जनगणना झाली. तिचे छापील खंड मी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत चाळले. सोलापूर जिल्ह्यात किती घरं, किती पुरुष, किती बायका, कोणत्या जातीचे किती, सगळं मिळालं. माणूस मात्र एकही मिळाला नाही. आपल्याकडचं सरकारी दफ्तर माणसाला ओळखतं ते जमिनीवरून. सातबारा असेल तर तुम्ही आहात. माझे पणजोबा भाड्याच्या वाड्यात चूल मांडून बसलेले, त्यांना कुठला सातबारा? सरकारी कार्यालयांत अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ कायम ठेवायचं, ‘ब’ तीस वर्षं, आणि ‘ड’ वर्षभराने काढून टाकायचं. पंढरपूरला तीन सुट्ट्या घालवल्या तेव्हा उमगलं, माझे पणजोबा आयुष्यभर ‘ड’मध्ये जगले. एक घरपट्टीची नोंद, एक मृत्यूची नोंद आणि उधारीच्या दाव्याचा एक निकाल, एवढंच हाती लागलं.

आणि वही. ती सरकारने नाही जपली, माझ्या काकूने जपली. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्याच्या घडीत. शके १८३१ ते १८३९, म्हणजे १९०९ ते १९१७. सगळी मोडीत. मी दोन वर्षं रविवारी सकाळी ऑनलाइन मोडी शिकले. इथे सकाळचे सात, पुण्यात दुपार. आधी ओळ आखायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं ओवत जायची, ही लिपी हाताला बसली की डोळ्यांना दिसायला लागते. पहिलं सलग वाचता आलेलं वाक्य होतं: ‘ताटे ११, तूप वेगळे.’ मी स्वयंपाकघरात एकटीच रडले.

वहीत रकाने आहेत. नाव, गाव, ज्ञात (म्हणजे जात), असामी, ताटे, मुक्काम, आणे. परभणीकडचे देशमुख, गदगचे एक वाणी, इंदूरचे कारकून सहकुटुंब. बहुतेक वारकरी मठांत, धर्मशाळांत किंवा बडवे-उत्पात या पुजाऱ्यांच्या घरी उतरत. ज्यांचं तिथे जमत नसे, असे लोक आमच्याकडे येत. आषाढीच्या आठवड्यात पानं भरभरून वाहतात, अक्षर वेडंवाकडं होतं. मधे काही दिवस नुसती तारीख आणि ‘जरीमरी’ एवढाच शब्द. कुणीतरी कॉलऱ्याच्या सावटातही रोज वही उघडत होतं.

त्याच पानांवर समासाला लागून काही ओळी आहेत. ‘महार असामी ६, पत्रावळी ६, बाहेर.’ ‘मांग असामी ३, बाहेर.’ नाव नाही, गाव नाही. आणे मात्र आहेत, आणि ते आतल्या ताटाइतकेच आहेत, तूप न वाढता. नऊ वर्षांच्या वहीत अशा दोनशे चौदा ओळी मी मोजल्या. बाहेर म्हणजे रस्त्यावर. आषाढात. पावसात.

दादा म्हणतो, त्या काळी सगळीकडे तेच होतं, पणजोबांना एकट्याला का धरायचं? हे मला मान्य आहे. त्यांनी पत्रावळ तरी दिली, शेजारपाजारचे तेवढंही करत नसतील, हेही मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण मग ‘प्रत्येकाच्या मुखी’ कशाला लिहायचं? ज्या गावात चोखोबांची समाधी नामदेव पायरीपाशी, देवळाबाहेर आहे, ज्या गावात गाडगेबाबांना चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा बांधावी लागली, कारण बाकीच्या दारांत त्या माणसांना जागा नव्हती, ज्या गावात मे १९४७मध्ये साने गुरुजी विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून उपोषणाला बसले, त्या गावचे आम्ही खाणावळवाले. आमचं दार सताड उघडं होतं असं छापलं तर गाडगेबाबांनी वीट कुणासाठी रचली?

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जुन्या कागदांना केवढी किंमत आली आहे! २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींसाठी तहसीलपासून तुरुंगापर्यंतची दफ्तरं उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणायची वेळ आली. दादाच मला अभिमानाने सांगत होता, बघ, कागद बोलतो. दादा, बोलू दे ना मग. दाखल्यासाठी बोलला तर पुरावा आणि आपल्या पणजोबांविषयी बोलला तर खरकटं, हे मला पटत नाही.

आणि खरकटं या शब्दानेच मी एवढी का चिडले तेही सांगते. त्या खाणावळीतलं खरकटं काढायची पणजोबांची विधवा बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. स्वयंपाक तिचा, भांडी तिची, पहाटे चारला चूल तिची. उधारीच्या दाव्यात पणजोबांनी न्यायालयात सांगितलंय की हिशेब ‘बहीण तोंडी ठेवते’. म्हणजे खाणावळ खरी चालवत होती ती. कुलवृत्तांतात तिच्यासाठी चार शब्द आहेत: ‘अमुक यांस दिली. निवर्तली.’

इथल्या लोकांना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. त्यांचा १९३१च्या जनगणनेचा सगळा कागद १९४२च्या आगीत गेला. आणि कागद नीट ठेवले म्हणून मन नीट होतं असंही नाही. इथून डोंगर ओलांडला की लँकेशायरमधलं नेल्सन लागतं. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन तिथे बरीच वर्षं क्लब क्रिकेट खेळले. १९४३ साली लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी लंडनला गेले तेव्हा, आधी खोली राखून ठेवलेली असूनही, रंगावरून त्यांना हॉटेलात राहू दिलं नाही. ते न्यायालयात गेले आणि १९४४मध्ये जिंकले. कशाच्या जोरावर? वंशभेदाविरुद्ध कायदा तेव्हा नव्हताच, तो १९६५मध्ये आला. ते जिंकले सरायवाल्याच्या जुन्या धर्मावर. जागा असेल, पैसे द्यायची तयारी असेल, तर दारात आलेल्या वाटसरूला योग्य कारणाशिवाय परतवता येत नाही, हा इथला शतकांचा नियम. भरपाई मिळाली पाच गिनी.

तो निकाल वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या पणजोबांवर असा नियम कुणी घातला नव्हता. तो घातला संविधानाने. हॉटेल, उपाहारगृह, विहीर, रस्ता यांतून कुणाला धर्म, जात, वंश यांवरून अडवायचं नाही, हे कलम १५ मध्ये लिहिलं गेलं, आणि लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. ते स्वतः १९१७मध्ये बडोद्याला एका पारशी उतारशाळेत राहिले होते. नोंदवहीत पारशी नाव लिहावं लागलं, आणि कळल्यावर लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना हाकललं. १९१७ हे माझ्या पणजोबांच्या वहीचं शेवटचं वर्ष. त्या साली एक वही बडोद्याला खोटं नाव लिहून घेत होती आणि एक पंढरपुरात नावच लिहीत नव्हती.

आता जे दादाला आठवड्यापूर्वी लिहायला हवं होतं, ते इथे लिहिते. कुलवृत्तांतात माझंही नाव आहे. वडिलांच्या नावाखाली, तिसरी: ‘अमुक यांस दिली. वास्तव्य परदेशी.’ आक्काच्या आणि माझ्या नोंदीत एवढाच फरक. दिलेल्या मुलीला घराण्याच्या मजकुरात हात घालायचा अधिकार नाही, असं दादा बोलला नाही, पण मला ते ऐकू आलं. इथे माझ्याकडे पासपोर्ट आहे, मत आहे, चर्चच्या जत्रेत माझ्या हातच्या करंज्यांचा स्टॉल आहे. तरी कुणी “मुळची कुठली?” विचारलं की मी पंढरपूर सांगते, जिथे मी एक दिवसही नांदले नाही. मला त्या वहीतून कुठेतरी आत जायचंय. म्हणूनच खोट्या दारातून जायचं नाहीये.

आणखी एक. लीड्सला आले त्या पहिल्या आठवड्यात मी फोनवर एक खोली ठरवली. नाव सांगताना इंग्रजी वाटेल असं तोडून सांगितलं. खोली रिकामी आहे म्हणाल्या. संध्याकाळी बॅगा घेऊन गेले. दार उघडलं, बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आत्ताच गेली म्हणाल्या. खिडकीतली पाटी तशीच होती. पावसात, बाहेर. घरी फोन केला तेव्हा आईला सांगितलं, खोली छान आहे, मालकीणबाई प्रेमळ आहेत. सव्वीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. एका संध्याकाळची माझी लाज आणि त्या दोनशे चौदा ओळींतल्या माणसांचा जन्मभराचा पाऊस, यांची बरोबरी मी करत नाही. मला दुसऱ्या दिवशी दुसरं दार मिळालं. पण माझ्या नोंदीतही मी एक शब्द गाळला होता, हे खरं आहे.

हे सगळं काल रात्री दादाला लिहून पाठवलं, वहीच्या एका पानाच्या फोटोसकट. आज दुपारी त्याचा फोन आला. बराच वेळ तो हवापाण्याचं बोलला. ‘प्रत्येकाच्या’ या शब्दाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. मग एकदम म्हणाला, “अगं, मग त्या रात्री जेवलीस कुठे?”

“बस स्टेशनसमोरच्या बाकावर,” मी म्हटलं. “चिप्स.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “त्या पानावरची तारीख नीट लागत नाही. परत एकदा फोटो पाठव.”