सहारा ‘कालपरवापर्यंत’ समुद्र नव्हता

व्हॉट्सॲपवर फिरणारा फॉरवर्ड असा आहे: काही हजार वर्षांपूर्वी सहारा समुद्र होता, देवमाशांचे सांगाडे, शिंपले आणि वाळू हे पुरावे, कालवा खणला की समुद्र परत येईल.

हे मत दीडशे वर्षं जुनं आहे. हिमयुगात सहारा पाण्याखाली होता, असं तेव्हा युरोपातले नावाजलेले भूवैज्ञानिकही मानत. म्युनिकचे प्राध्यापक कार्ल आल्फ्रेड फोन त्सिटेल १८७३-७४च्या हिवाळ्यात जर्मन प्रवासी गेरहार्ड रोल्फ्स यांच्या मोहिमेबरोबर सहाऱ्याच्या पूर्वेकडच्या लिबियन वाळवंटात उतरले. पैसा इजिप्तचा खेदिव, म्हणजे राज्यकर्ता, इस्माइल याचा, पाणी लोखंडी टाक्यांत भरून उंटांवर. जायचं होतं कुफ्रा या मरूद्यानाला. पण दाख्ला मरूद्यानाच्या पश्चिमेला वाळूच्या उंच रांगा आडव्या आल्या, तिथेच चक्क पाऊस पडला आणि तांडा उत्तरेला सिवा मरूद्यानाकडे वळला.

कुफ्रा हुकलं, पण त्सिटेलांचं काम झालं. चुनखडीचे समुद्री थर त्यांना भरपूर सापडले, मात्र ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. हिमयुगातल्या समुद्राची खूण कुठेच नाही. त्या चुनखडीत न्युम्युलाइट नावाचे चकतीसारखे जीव ठासून भरलेले असतात. गिझाच्या पिरॅमिडांच्या दगडांतही ते दिसतात. मजुरांच्या जेवणातली मसूर दगड झाली, ही तिथली कथा प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने नोंदवून ठेवली आहे. म्हणजे लोकांना भुलवायला व्हॉट्सॲपच लागतं असं नाही.

देवमासे खरे आहेत. पण इजिप्तमधल्या वादी अल-हितानचे ते सांगाडे सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा माणूसच नव्हता.

काही हजार वर्षांपूर्वी सहाऱ्यात पाणी होतं, हेही खरं. ते तळ्यांचं, गोडं. साधारण ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस बराच उत्तरेपर्यंत पोचत असे. त्या काळच्या तळ्यांतले शिंपलेही गोड्या पाण्यातलेच. चाडमधल्या योआ तळ्याच्या गाळाचे थर तपासून कोलोनचे भूवैज्ञानिक श्टेफान क्रोपेलिन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की तो भाग हळूहळू कोरडा होत गेला.

वाळूचं म्हणाल, तर ती सहाऱ्याच्या जेमतेम पाव भागावर आहे, बाकी खडक आणि गोटे. ती मुख्यतः वालुकाश्म झिजून आणि जुन्या नद्यांच्या गाळातून आली. समुद्रतळाची गरजच नाही.

राहिला कालवा. १८७४ मध्ये रूदेअर या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने ट्युनिशिया-अल्जीरियाच्या खारट खोलगटांत भूमध्य समुद्राचं पाणी सोडायची योजना मांडली. सुएझ कालवा खणवणारे लेसेप्सही पाठीशी होते. मोजणी केली तर त्यातला सर्वांत मोठा खोलगट, शॉट एल जेरिद, समुद्रसपाटीच्या वरच निघाला.