कूलर ओढला आणि प्रोसेसर उपटून आला

‘कॉम्प्युटरचा कूलर बदलणं म्हणजे पंधरा मिनिटांचं काम’ असं पुन्हा कोणी मला सांगितलं ना, तर तो जुना हीटसिंक, म्हणजे कूलरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, त्याच्यासमोर नेऊन आपटणार आहे मी. काल रात्री साडेनऊला बसले ते पावणेदोनला उठले. मान आखडलीय, डोळे चुरचुरताहेत आणि संताप तर तसाच्या तसा आहे.

प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपच्याच खोक्यातून आलेला कूलर पाच वर्षं चालवला. गेले काही महिने व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की तापमान ९५ अंशांवर जायचं, प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवायचा आणि पंखा असा किंचाळायचा की शेजारच्या खोलीत बोलणं ऐकू येऊ नये. म्हणून चांगला उंच टॉवर कूलर आणला, प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची पेस्ट आणली, जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. पेस्ट किती लावायची याबद्दल इतकं वाचलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. मधोमध ठिपका, फुली, रेघ, सपाट पसरून, सगळ्या पद्धती पाठ!

पण जुना कूलर काढायचा कसा, हे एकानेही धड सांगितलं नव्हतं.

बोर्ड (ज्यावर प्रोसेसर बसतो तो मदरबोर्ड) कॅबिनेटमध्ये उभा होता तसाच ठेवून मी स्क्रू सैल करायला घेतले. तिरक्या क्रमाने, थोडा हा, थोडा तो. चौथा सुटला आणि मागून खण्णकन आवाज आला. बोर्डामागची लोखंडी बॅकप्लेट या चार स्क्रूंनीच धरलेली असते. स्क्रू गेले की ती पडणारच. हे कुठे लिहिलंय? कुठेही नाही. दुसऱ्या बाजूचं झाकण उघडा, तिथल्या केबलींच्या जंजाळात हात घाला, प्लेट शोधा.

मग हीटसिंक ओढला. हलेना. जरा जोर लावला, तरी नाही. आणखी थोडा लावला आणि ‘खट्’. तो आवाज कानातून जात नाहीये अजून. हातात हीटसिंक, त्याच्या बुडाला चिकटलेला प्रोसेसर, सगळ्या सोनेरी पिना उघड्या. खाली सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, रिकामा आणि प्रोसेसर अडकवून ठेवणारी त्याची दांडी मात्र लावलेली ती लावलेलीच! कुलूप शाबूत आणि ऐवज दाराबाहेर, याला काय म्हणायचं?

खरा राग मला याच गोष्टीचा आहे. या जातीच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ पिना, आणि सॉकेट त्यांना फक्त चिमटीत धरून ठेवतो. प्रोसेसरवर वरून दाबणारं काहीही नाही. दांडी उचलली की पकड सुटते हे ठीक, पण कूलर बसवल्यावर ती दांडी उचलायला जागाच उरत नाही. म्हणजे कूलर काढल्याशिवाय दांडी उघडत नाही, आणि दांडी उघडल्याशिवाय कूलर ओढला तर प्रोसेसर उपटून येतो. वर पाच वर्षांत पेस्ट सुकून कडक झालेली. सॉकेटच्या पकडीपेक्षा तिची पकड जास्त. ज्यांनी हे बनवलं त्यांनी कधी स्वतःच्या हाताने जुना कूलर काढून पाहिला नसेल? पिना बोर्डावर आणि प्रोसेसरच्या कडांवर घट्ट बसणारी धातूची चौकट, ही रचना काय नवीन नव्हती. तसल्या सॉकेटमधून प्रोसेसर असा निघूच शकत नाही.

आणि उपाय किती साधा आहे! कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं जोरात राबवायचा म्हणजे पेस्ट ऊबेने मऊ पडते. मग बंद करायचा, वायर काढायची, स्क्रू सोडताना बॅकप्लेटला मागून हात द्यायचा आणि हीटसिंक सरळ न ओढता डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवायचा, पकड सुटल्याचं हाताला कळेपर्यंत. बस. चार ओळी. हे मला कधी कळलं? सगळं होऊन गेल्यावर, रात्री अकरा वाजता.

तोवर कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या होत्या. अगदी बारीक पिना त्या. टेबललॅम्प गालापर्यंत खाली ओढला, पेनपेन्सिलीतली लीड काढून टाकली आणि तिचं रिकामं टोक एकेका पिनेवर बसवून श्वास रोखून सरळ करत बसले. एक जरी मोडली असती तर प्रोसेसर जाऊ शकला असता. दुसरी पिन शेजारच्या रांगेशी जुळते की नाही हे बघायला प्रोसेसर डोळ्यासमोर आडवा धरून किती वेळा फिरवला त्याची गणती नाही. पाऊण तास. तीन पिनांना पाऊण तास!

नव्या कूलरसोबतचा कागद म्हणजे आणखी वेगळा ताप. एक शब्द नाही, नुसती चित्रं. हा बाण, ती फुली, चार जातींचे स्क्रू आणि चारही कागदावर सारखेच दिसतात. पेस्टचं चित्र मात्र मोठं आणि ठळक, पान अडवून बसलेलं. अहो, पेस्ट हा यातला सर्वांत सोपा भाग आहे! दोन धातूंच्या मधल्या बारीक खाचांमध्ये हवा राहू नये एवढ्यासाठी ती असते, कारण हवेतून उष्णता जवळजवळ जातच नाही. तांब्याची उष्णतावाहकता (वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये) ४००च्या आसपास, बहुतेक पेस्टची १०च्या आत, हवेची ०.०२६. थोडी कमी-जास्त लागली तर दोन-चार अंशांचा फरक पडेल, कोणाचा प्रोसेसर मरणार नाही. पिन मोडली तर मरू शकतो. मग ढीगभर चर्चा कशाची व्हायला हवी?

पुढचं सगळं झालं एकदाचं. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसली, ठिपका लावला, नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म आठवणीने सोलली, स्क्रू तिरके-तिरके आवळले. पंखा अडकवायच्या तारेने अंगठा कापला तोही याच कामात. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा हात थरथरत होते. आता त्याच एक्स्पोर्टला ७१ अंश दिसतात, पंखा ऐकूही येत नाही. म्हणून राग गेला असं नाही. काम करून घेतलं ते मी आणि त्या पेन्सिलीने, त्यांच्या कागदाने नाही.

भावाचा कॉम्प्युटर माझ्याबरोबरच घेतलेला. तोच सॉकेट, तोच कूलर, तीच पाच वर्षांची पेस्ट. त्याचाही पंखा ओरडायला लागलाय. त्याला आज सकाळीच फोन करून सांगितलं, मी येईपर्यंत त्या स्क्रूला हात लावायचा नाही.