काटकसरी जीवाणूला उधळ्या करायचं कसं?

‘जीवाणूत जनुक घुसवलं की तो अमायनो आम्लं बनवायला लागतो,’ हे परवा पुन्हा ऐकलं आणि राहवेना. अहो, ती तो आधीपासूनच बनवतो! ई. कोलायला साखर, अमोनिया आणि थोडे क्षार द्या, प्रथिनांना लागणारी वीसच्या वीस तो घरच्या घरी करतो. पण गडी पक्का हिशेबी. गरजेपुरतं झालं की चूल विझवली.

लायसीन या अमायनो आम्लाचंच घ्या. ज्या जीवाणूवर लायसीन बनवून विकण्याचा सगळा धंदा उभा आहे, त्या कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकममध्ये लायसीन आणि थ्रिओनीन यांच्या वाटेची सुरुवात एकच. पेशीत दोन्ही साठली की दोघं मिळून पहिल्याच एन्झाइमला चिकटतात आणि काम थांबतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानी संशोधकांनी यावर काढलेली तोड मला आजही भारी वाटते. त्यांनी जीवाणूत काहीही घातलं नाही. होमोसेरीन, म्हणजे थ्रिओनीनच्या आधीची पायरी, बनवता न येणारा उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात आपोआप बिघाड झालेला जीवाणू, निवडला आणि जगण्यापुरतं होमोसेरीन बाहेरून मोजून दिलं. थ्रिओनीन साठेना, ब्रेक पुरता लागेना, लायसीन साठत गेलं.

असा उत्परिवर्ती शोधायचं काम शिकत असताना मीही केलंय. लाकडी ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणायची, जीवाणूंच्या वसाहती (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) असलेली प्लेट तिच्यावर हलकेच दाबायची, मग त्याच मखमलीवरून दोन नव्या प्लेटांवर ठसे. एकीत होमोसेरीन, दुसरीत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही उजेडासमोर धरून बघायचं. जे उगवलंच नाही, तेच आपल्याला हवं! हात जरा हलला की ठसा फिसकटतो आणि शिव्या खायच्या त्या वेगळ्या.

पुढची युक्ती आणखी बेरकी. लायसीनसारखं दिसणारं, पण लायसीनचं काम न करणारं रसायन खाद्यात मिसळायचं. एन्झाइम फसतं, ब्रेक लागतो, पेशी उपाशी पडतात. तगतात त्यांतल्या बऱ्याच ब्रेक निकामी झालेल्या असतात. जनुकं कापण्याची कला हाती यायच्या आधीची ही गोष्ट आहे बरं का.

आणि हे लायसीन बाहेर कसं पडतं? १९९६ मध्ये त्याचं खास दार सापडलं, लायस-ई नावाचं प्रथिन. उधळपट्टीसाठी दार कशाला, तर प्रथिनांचे तुकडे खाताना लायसीन नको तेवढं आत येतं आणि या जीवाणूला ते पचवून संपवता येत नाही. बाहेर फेकणं भाग. आपण त्याच दाराशी पिंप लावून बसलोय.

‘जीएम (जनुकबदल केलेलं) म्हणजे विष’ म्हणणारे १९८९ चं अमेरिकेतलं ट्रिप्टोफॅन प्रकरण हमखास काढतात. ट्रिप्टोफॅन हेही जीवाणूंकडून बनवून घेतलेलं अमायनो आम्ल, लोक ते पूरक म्हणून खात. प्रकरण गंभीरच होतं. दीड हजारांहून जास्त लोक आजारी पडले, कित्येक दगावले, आणि माग निघाला तो एकाच उत्पादकाच्या मालापर्यंत. पण तिथे दोन बदल जवळपास एकाच वेळी झाले होते. जीवाणूचा जनुकबदल केलेला नवा वाण आणला होता आणि शुद्धीकरणातला, अशुद्धी शोषून घेणारा सक्रिय कोळसा कमी केला होता. दोष नेमका कशाचा, हे त्यामुळे आजही सुटं करता येत नाही. तरी चर्चा मात्र जनुकाचीच. मला कुणी डबा पुढे करून ‘यात जीएम आहे का?’ विचारलं, की मी विचारतो, आधी सांगा, कोळसा किती वापरलाय?